पाणी उडालेल्या द्राक्षांची वाइन

गोड वाइन म्हटली की आपण तिला जेवणाच्या शेवटी, मिठाईच्या शेजारी बसवतो. गोडाला गोड, हा हिशेब सोपा वाटतो. पण फ्रान्समधल्या ज्या गावांत ही वाइन पिढ्यान्‌पिढ्या बनते आहे, तिथे ती खारट चीझबरोबर, स्निग्ध मांसाबरोबर, अगदी भाजलेल्या कोंबडीबरोबरही पितात. असे का, हे कळायचे तर आधी त्या वाइनमध्ये गोडी कुठून येते ते पाहायला हवे. ते एकदा लक्षात आले की फ्रान्सच्या सोतेर्नच्या बाटलीशेजारी काय ठेवावे आणि नाशिकच्या बाटलीशेजारी काय, हे कुणालाही स्वतःचे स्वतः ठरवता येते.

धुके, ऊन आणि बुरशी

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो शहर आहे. तिथून साधारण ४० किलोमीटर आग्नेयेला, गारोन नदीच्या डाव्या काठावर सोतेर्न हा छोटासा द्राक्षप्रदेश आहे. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक अशी पाच गावे त्यात येतात. सिरों नावाची एक लहान नदी इथे गारोनला मिळते. सिरोंचे पाणी झऱ्यांचे आणि थंड, गारोनचे त्यामानाने उबदार. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या दोन पाण्यांच्या तापमानातल्या फरकामुळे रात्री धुके धरते आणि सकाळपर्यंत मळ्यांवर पसरून राहते. दुपारी ऊन पडते, धुके विरते, घड सुकतात.

या ओल्या सकाळी आणि कोरड्या दुपारी बोट्रायटिस सिनेरिया या बुरशीला मानवतात. एरवी हीच बुरशी शेतकऱ्याची वैरीण. स्ट्रॉबेरीवर राखाडी लव येते ती हिचीच. सतत ओल राहिली तर ती घड कुजवून टाकते. पण पिकलेल्या, न फुटलेल्या मण्यावर ती बसली आणि दुपारच्या उन्हाने तिला आवर घातला, तर ती मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते. त्या वाटेने मण्यातले पाणी उडून जाते. साखर, आम्ल आणि वास आत राहून दाट होतात. मणी आधी तपकिरी-जांभळा होतो, मग सुरकुततो. पाहणाऱ्याला तो टाकाऊ वाटेल, पण तोडणारे नेमके तसेच मणी शोधत असतात.

ही बुरशी सगळ्या मळ्यावर एकाच दिवशी येत नाही. आज या वेलीवर दोन घड, आठवड्याने शेजारच्या वेलीवर अर्धा घड. म्हणून तोडणी यंत्राने होऊ शकत नाही. माणसे एकाच ओळीतून चार-चार, पाच-पाच वेळा फिरतात आणि दर वेळी तयार झालेले मणी तेवढे निवडतात. पाणी उडाल्यामुळे रसही थोडा निघतो. शातो दिकेम या तिथल्या सर्वांत नावाजलेल्या मळ्यात एका वेलीपासून जेमतेम एक पेला वाइन मिळते, असे सांगितले जाते. भारी किमतीचे मूळ कारण हे आहे.

नेपोलियन तिसरा याच्या काळात, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची श्रेणीवार यादी केली गेली. सोतेर्न-बार्साकच्या यादीत सर्वांच्या वरची स्वतंत्र श्रेणी एकट्या दिकेमला मिळाली. त्याआधीच, १७८७ मध्ये, अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन बोर्दोला आले होते आणि त्यांनी दिकेमची १७८४ ची वाइन मागवली होती. या मळ्याचा कडकपणाही प्रसिद्ध आहे. हवामानाने साथ दिली नाही तर त्या वर्षी दिकेमच्या नावाने वाइन विकायचीच नाही, असा तिथला रिवाज आहे. १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांची दिकेम म्हणूनच मिळत नाही. आणि चांगल्या वर्षाची बाटली किती टिकते? १८११ ची एक बाटली २०११ मध्ये ७५ हजार पौंडांना विकली गेली, तेव्हा ती २०० वर्षांची होती. साखर आणि आम्ल या दोघांनी मिळून तिला राखले होते.

साखरेचा हिशेब

रसाची वाइन यीस्ट करते. ते साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडते. एक लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल बनते. नेहमीच्या पिकलेल्या द्राक्षाच्या रसात लिटरला २१०-२२० ग्रॅम साखर असते. यीस्ट ती जवळजवळ सगळी संपवते आणि १२-१३ टक्क्यांची कोरडी वाइन तयार होते.

बुरशीने आटवलेल्या रसात मात्र लिटरला ३६० ग्रॅमपर्यंत साखर असू शकते. यीस्ट कामाला लागते, पण अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास पोचले की त्या दाट, गोड आणि आता मादक झालेल्या द्रवात त्याचे बळ सरते. १४ टक्क्यांसाठी सुमारे २३८ ग्रॅम साखर खर्ची पडते आणि उरतात १२० ग्रॅमच्या वर. सोतेर्नची गोडी ही उरलेली साखर आहे. वरून चमचाभरही घातलेली नाही.

तरीही ही वाइन पाकासारखी लागत नाही, याचे कारण आम्ल. पाणी गेले तशी साखर दाटली आणि आम्लही दाटले. सेमियों हे तिथले मुख्य द्राक्ष. त्याची साल पातळ असल्याने बुरशीला ते सोपे जाते. त्याच्या जोडीला सोव्हिन्यों ब्लाँ हे द्राक्ष आंबटपणा आणि ताजेपणा देते. घोट घेतल्यावर आधी मध, जर्दाळू, संत्र्याची साल असे काही जाणवते आणि लगेच आंबट धार येऊन जीभ स्वच्छ करून जाते. चांगल्या आणि सामान्य गोड वाइनमधला फरक या धारेत असतो. आंबटपणा कमी पडला की दुसरा घोट नकोसा होतो.

या वाइनमध्ये आपल्या ओळखीचा एक वासही असतो. सोटोलोन नावाचे एक संयुग बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये असते आणि बाटली जुनी होईल तसे ते वाढत जाते. मेथीच्या दाण्याला त्याचा खास वास देणारे संयुगही हेच. म्हणजे जुन्या सोतेर्नमध्ये फ्रेंच माणसाला जो भाजक्या, मसालेदार मधाचा भास होतो, तो मेथीचे लाडू खाऊन वाढलेल्या नाकाला परका वाटायचे कारण नाही.

गोडीच्या इतर वाटा

फ्रान्समध्ये गोडी मिळवण्याच्या आणखीही वाटा आहेत. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, जुरांसोंमध्ये, पती मांसां जातीचे घड वेलीवरच उशिरापर्यंत ठेवून वाऱ्या-उन्हाने सुकवतात. तिथे बुरशीची गरज पडत नाही. ज्युरा भागात तोडलेले घड गवताच्या काडावर पसरून किंवा टांगून सुकवायची पद्धत आहे. दक्षिणेला बोम-द-व्हनीझ, रिव्हझाल्त, बान्यूल्स या ठिकाणी आंबवण चालू असतानाच त्यात द्राक्षाचे तीव्र मद्य घालतात. यीस्ट थांबते आणि साखर उरते. चॉकलेटबरोबर सोतेर्न फिकी पडते. तिथे बान्यूल्सची लाल गोड वाइनच हवी.

आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची वाट ल्वार नदीच्या खोऱ्यातली. तिथे शेनिन ब्लाँ हे एकच द्राक्ष कोरडी, फसफसणारी आणि गोड अशा तिन्ही वाइन देते. व्हुव्रे आणि कोतो द्यु लेयों इथल्या गोड शेनिन अनेक दशके टिकतात. हे द्राक्ष कितीही पिकले तरी आंबटपणा सोडत नाही. या गुणामुळेच ते महाराष्ट्राच्या उन्हात तग धरू शकले.

नाशिकची शेनिन

राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनची द्राक्षे लावली. त्यांत सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ होती. २००० साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक, दिंडोरी, निफाड भागात वायनरी उभ्या राहिल्या. पुढे लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ, म्हणजे उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन, सुलाने केली. निफाड तालुक्यातल्या रेव्हेलोने आणि नाशिकच्या यॉर्कनेही केली. एक योगायोग असा की ज्या एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाकडे १९९९ पासून शातो दिकेमची मालकी आहे, त्याच समूहाची शांदों दिंडोरीत फसफसणारी वाइन बनवते.

नाशिकची गोडी मात्र सोतेर्नच्या वाटेने येत नाही, कारण आपले ऋतुचक्रच वेगळे आहे. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि शरदात पिकते. आपल्याकडे वेलीला झोप नाही. बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून घड धरतो आणि जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकत असताना दिवस थंड आणि ओले होत जातात. नाशिकला ते तापत आणि कोरडे होत जातात. मार्चच्या नाशिकमध्ये सिरोंकाठचे धुके कुठून येणार? आणि अवकाळी पाऊस आलाच, तर मण्यांना तडे जातात आणि साधी कूज लागते. तिच्यात काही लाभ नाही.

म्हणून इथे घड वेलीवर जास्त दिवस ठेवायचे, उन्हाने मणी थोडे सुकू द्यायचे आणि साखर वाढली की तोडायचे. सांगली-तासगावचा शेतकरी हेच तत्त्व वेगळ्या हेतूने वापरतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेले घड तो शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत पसरतो. सुमारे दोन आठवड्यांत साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तिथे पाणी जवळजवळ पुरते काढायचे असते, नाशिकला अर्ध्यावर थांबायचे असते. जास्त थांबले तर रस निघत नाही आणि मार्चची उष्णता आंबटपणाही खाऊन टाकते. त्यामुळे तोडणीचा दिवस ठरवणे हेच इथल्या वाइनकाराचे सर्वांत मोठे कौशल्य. त्याच्या गोड शेनिनमध्ये बुरशीचा मध आणि मेथीचा वास शोधू नये. तिच्यात पिकलेला आंबा, अननस, पेरू यांच्या जवळचे वास असतात आणि अंगाने ती सोतेर्नपेक्षा हलकी असते. हे तिचे स्वतःचे रूप आहे आणि ते आपल्या स्वयंपाकाला सोयीचेही आहे.

बुरशी मुद्दाम लावता येईल?

धुके नसलेल्या प्रदेशात हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे. कॅलिफोर्नियात १९५६ मध्ये मायरन नाइटिंगेल यांनी क्रेस्टा ब्लँका वायनरीत सेमियोंचे घड तोडून तबकांवर पसरले, त्यांवर प्रयोगशाळेत वाढवलेले बोट्रायटिसचे बीजाणू फवारले आणि ओलावा व कोरडी हवा आळीपाळीने दिली. सोतेर्नची सकाळ आणि दुपार त्यांनी खोलीत आणली. वाइन चांगली झाली, पण खर्च आणि कष्ट फार, त्यामुळे ती पद्धत रुळली नाही.

असा प्रयोग भारतात करायचा तर पहिली गरज शुद्ध, ओळख पटलेल्या सूक्ष्मजीवाची. त्यासाठीची व्यवस्था आपल्याकडे चंदीगडला आहे. तिथल्या सेक्टर ३९ मधल्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे इमटेकमध्ये, १९८६ पासून सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. जिवाणू, बुरशी आणि यीस्ट यांचे हजारो वाण तिथे गोठवून, सुकवून जपले जातात आणि संशोधकांना पुरवले जातात. २००२ पासून बुडापेस्ट कराराखाली पेटंटसाठीचे सूक्ष्मजीव ठेवून घेणारी आंतरराष्ट्रीय मान्यतेची संस्था म्हणूनही ती काम करते. द्राक्षे नाशिकला, बेदाण्याच्या शेडचा अनुभव सांगलीला आणि सूक्ष्मजीवांचे ज्ञान चंदीगडला, अशी ही तीन टोके आहेत. भारतीय द्राक्षांतल्या यीस्टचा आणि बुरशींचा अभ्यास या तिघांनी मिळून करावा, असे मला मनापासून वाटते. त्यातून सोतेर्नची नक्कल निघाली नाही तरी चालेल. उष्ण प्रदेशात द्राक्ष सुकताना नेमके काय घडते, हे ज्ञान बागायतदाराला वाइनइतकेच बेदाण्यासाठीही उपयोगी पडेल.

शेजारी काय ठेवावे

आता ताटाकडे वळू. पहिला नियम: पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा. जीभ गोडी तुलनेने मोजते. जास्त गोड घासानंतर कमी गोड घोट घेतला की त्याची गोडी जाणवतच नाही; आंबटपणा आणि अल्कोहोल तेवढे उघडे पडतात. सोतेर्नमध्ये शंभर मिलिलिटरला १२ ते १५ ग्रॅम साखर असते. घरच्या श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर घालायची रीत आहे, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये चाळीस-पन्नास ग्रॅम. गुलाबजाम आणि जिलबी तर पाकातच मुरलेली. या पदार्थांपुढे जगातली सर्वांत महाग गोड वाइनही पातळ आणि आंबट लागेल. त्यात पदार्थाचाही तोटा आणि वाइनचाही.

दुसरा नियम: मीठ आणि स्निग्धता यांचे या वाइनशी उत्तम जमते. मिठामुळे गोडी उठून दिसते आणि वाइनचा आंबटपणा तोंडातली चरबी धुऊन नेतो. फ्रान्समधली दोन सुप्रसिद्ध जोडपी याच नियमावर उभी आहेत. एक रोकफोर, मेंढीच्या दुधाचे, निळ्या बुरशीचे, खारट चीझ. दुसरे फ्वा ग्रा, मुद्दाम चारून वाढवलेले बदकाचे किंवा हंसाचे यकृत. पक्ष्यांना होणाऱ्या त्रासामुळे भारताने २०१४ मध्ये फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली आणि ते योग्यच झाले. तत्त्व कळले की तो पदार्थ लागतही नाही. देशात बनणारे ब्लू चीझ, खारे काजू, खारे बदाम, मीठ लावलेले घरचे लोणी फासलेला कुरकुरीत पाव, यांतले काहीही घ्या. जोडी तीच राहते.

तिसरा नियम आपल्या स्वयंपाकासाठी खास महत्त्वाचा: आंबट-गोड-तिखट एकत्र असलेले पदार्थ गोड शेनिनला जवळचे. साखरेने तिखटाचा जाळ शमतो. अट एवढीच की तिखट माफक असावे. अल्कोहोल जाळ वाढवते, त्यामुळे झणझणीत रश्श्याशी तिची गाठ घालू नये. चिंच-गुळाची, कुरकुरीत तळलेली अळूवडी माझ्या मते नाशिकच्या लेट हार्वेस्ट शेनिनची सर्वांत चांगली सोबतीण आहे. गूळ कमी, चिंच पुरेशी, वर खोबरे. बाकरवडीही त्याच कुळातली. कोकणातली ओल्या काजूची उसळ मुळातच सौम्य गोड आणि नारळाने स्निग्ध. ती मार्च-एप्रिलमध्ये होते आणि थंड शेनिनबरोबर रुचते. मेथांब्यात कैरीचा आंबटपणा, गुळाची गोडी आणि मेथीचा कडवटपणा तिन्ही असतात. खारट चीझच्या तुकड्यावर बोटभर मेथांबा आणि शेजारी सोतेर्न, अशी जोडी करून पाहावी. मेथीचा तो सामाईक वास पदार्थातही असतो आणि पेल्यातही.

गोडच हवे असेल तर मंद गोडीचे, दुधाचे, सुक्यामेव्याचे पदार्थ निवडावेत. वेलची-केशराचा, हात राखून गूळ घातलेला खरवस हा त्यांतला पहिला. फ्रान्समध्ये दूध-अंड्याच्या कस्टर्डबरोबर ही वाइन देतात, ती याच कारणाने. बेताच्या गुळाचा मेथीचा लाडू कडवट आणि तुपाळ असतो; तो जुन्या सोतेर्नपुढे ठामपणे उभा राहतो. फळांत भाजलेले पेर, जर्दाळू, किंचित आंबटसर हापूस चालतो. अगदी रसाळ, पुरता पिकलेला हापूस एकट्यानेच खावा. पेढा, बर्फी, बासुंदी आणि चॉकलेट या वाइनपासून दूर ठेवावीत.

कशी घ्यावी

ही वाइन थंड घ्यावी, ८ ते १२ अंशांना. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेला पाच मिनिटांत तापतो, म्हणून थोडी थोडी ओतावी. एका वेळी ५०-६० मिलिलिटर पुरे. त्यामुळेच ती बहुधा ३७५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत मिळते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये काही दिवस चांगली राहते. ६० मिलिलिटर सोतेर्नमधून सुमारे सात ते नऊ ग्रॅम साखर पोटात जाते, हे मधुमेह असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. जे पीत नाहीत त्यांनी ही वाइन चाखण्यासाठी सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. आणि जे पितात त्यांनी पुढच्या वेळी गोड वाइनची बाटली आणली, तर मिठाईचा डबा बाजूला ठेवून आधी अळूवडी तळावी.